उलट्या विहिरीचा दुसरा भाग

हौसा,

तुला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही आणि मी भांडण काढून बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, इंदे, दम खा की जरा, आत्ता तर टेकलेय. पण दम खाणं माझ्या स्वभावात नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तुझ्या लताचा फोन आला, "मावशी, आई गेली," आणि त्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मला वाटलं, मेली, आता दुसरा भाग कोण सांगणार?

मग रडले. तेही सांगून ठेवते, नाहीतर तुझी नातवंडं म्हणतील म्हातारी दगडाची आहे.

तुझ्याबद्दल लोकांनी जे बोलायचं ते बोलून झालं. कष्टाळू होती, सांगलीत हळदीच्या वखारीत उभा जन्म काढला, लेकीला शिकवलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे शेवटचं ऐकून मला तिथल्या तिथं हसू आलं, ते मी पदरात खोकून दडवलं. अध्यात ना मध्यात म्हणे. अगं, एका दुष्काळात तू अख्ख्या टोळीतल्या बायकांना विहिरीतून वर आभाळात चढवलंस, आणि खाली उतरायची वाट न सांगताच गप्प झालीस. आम्ही अजून तिथंच आहोत. म्हणजे आता मी एकटीच.

लता हे वाचणार, म्हणून थोडं पहिल्यापासून सांगते. तुला सगळं पाठ आहे, तू डोळे मिटून पड.

बहात्तरचं साल. म्हसवडच्या पलीकडच्या आमच्या माळावर तलावाचं काम निघालं होतं आणि गाव झाडून मातीवर होतं. घरात रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. थापताना तुटायच्या आणि खाताना तुटायच्या नाहीत. पाण्याचे रांजण दोन, एक आमचा आणि एक तुमच्या बौद्धवाड्याचा, आणि दोन्हींत पाणी एकाच टँकरचं. घारी खाली उतरून बसायच्या, माणसांना भ्यायच्या नाहीत. जनावरं कशी पडत होती ते लिहीत नाही.

माझं लग्न होऊन दोन उन्हाळे झाले होते. नवरा फलटणला साखर कारखान्यात, मी सासूजवळ. त्या वेळची इंदी आज समोर आली तर मी तिच्या एक कानफटात देईन. मातीकामावर निघताना आरशापुढं उभी राहून कुंकू रेखणारी, आणि कामावर पोचेपर्यंत ते घामानं नाकावर उतरलेलं न कळणारी. मला वाटायचं, लोक माझ्याकडं माझ्या रूपासाठी बघतात.

तू टोळीत आलीस तेव्हा पाठीला लता बांधलेली होती. नवरा मुंबईच्या गिरणीत जो गेला तो मुंबईचाच झाला. घरी आंधळी सासू. तिघींचं पोट तुझ्या एका घमेल्यावर. पहिले कितीतरी दिवस तू कुणाशी बोलली नाहीस. मग एकदा दुपारच्या सुट्टीत करंजाच्या झाडाखालच्या सपाट खडकावर कोळशानं काहीतरी काढायला लागलीस, आणि मी, नाक खुपसणं हा माझा जन्मजात धंदा, विचारलं, काय काढतीस गं? तू मान वर न करता म्हणालीस, "विहीर. पर उलटी हाय. हिच्यात वर चढायचं असतं."

तो खेळ, लता, तुझ्या आईनं डोक्यातून काढला होता. जमिनीतून वर आभाळात गेलेली एक विहीर. तिच्या तोंडाशी एक नगरी, आणि सगळ्या मुलखाचं पाणी तिथं कोंडलेलं. कोंडणारी कोण, तर कोरडी नावाची बाई. ती ज्याच्याकडं बघेल त्याच्या तोंडची थुंकी आटते. आपण पाणी सोडवायला वर चढायचं. ज्या बाईला खेळायचं तिनं एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाचा एक खडा खडकावर मांडायचा. सोंग एकदा घेतलं की तो खडा कामावर ओच्यात बांधून ठेवायचा, दुसरीच्या हाती द्यायचा नाही. हौसा विचारणार, आता पुढं भिंत हाय, काय करशील? मग त्या बाईनं आपल्या सोंगासारखं उत्तर द्यायचं, आणि फोडलेले चिंचोके टाकायचे. काळे किती पडले, पांढरे किती पडले, त्यावरून जमलं की फसलं ते हौसा सांगणार.

शांता राणी झाली. ती लोणंदची, तिचा बाप स्टेशनावर कामाला, म्हणून तिला पहिल्यापासून आपण राणी आहोत असंच वाटायचं. एक जण चोरटी झाली, एक सुईण. मी स्वार झाले. घोड्यावर बसणारा, मिशीवाला, तलवारवाला. मी पदराचा फेटा बांधून खडकावर पाय रोवून उभी राहायची आणि जाड आवाज काढायची. बायका लोळायच्या हसून. मला वाटायचं, शौर्याला दाद देतात.

आणि बनाक्का. ती आमच्यात सगळ्यांत मोठी, माझ्या सासूच्या वयाची. तिनं सोंग घेतलं नाही, ती नुसती ऐकायला बसायची. पण तिचा एकुलता एक पोरगा फौजेत होता, जम्मूकडं कुठंतरी, म्हणून तिनं माझ्या स्वाराला आपला पोरगा मानला. मी चिंचोके टाकले की तिचे हात जोडलेले. स्वार वाचला की मला ओच्यातले शेंगदाणे द्यायची. मी ते बिनदिक्कत खायची.

कधीकधी वाटतं, त्या खडकावर तेवढा वेळ दोन रांजण नव्हते. राणीच्या पाठीवर तू थाप मारायचीस आणि राणीला त्याचं काही वाटायचं नाही. सुट्टी संपली की पुन्हा ज्याचा त्याचा रांजण.

आता त्या गोष्टी सांगते ज्यांच्यावरून पुढं सगळं झालं. खेळात राणीची बांगडी भिंतीला लागून फुटली, आणि दुसऱ्या दिवशी शांताची खरी बांगडी फुटून हाताला लागली. खडी फोडणाऱ्या बाईची बांगडी फुटणार नाही तर काय तिच्यावर मोती लागणार? पण शांता तुझ्याकडं बघत राहिली. मग चोरटी विहिरीच्या पायरीवरून घसरली, आणि ती सोंग घेणारी बाई बांधावर पाय मुरगळून पडली. बांधावर रोज कुणी ना कुणी पडत होतं. मग तू म्हणालीस, चला, आज वरनं चार थेंब पडले, आणि त्या दिवशी टँकर लवकर आला. झालं. बायका तुझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. आधी गमतीनं, मग लाडीगोडीनं. कुणी म्हणायची, हौसा, खेळात माझी म्हैस घाल की, जरा दूध देईल. तू हसून उडवून लावायचीस. तुझ्या घरात देव्हारा नव्हता, देवऋषी नव्हता, नवस नव्हते. तुझा बाप सांगायचा म्हणे, ते सगळं गाठोडं टाकून देऊन आपण या वाटेला आलो. पण टोळीतल्या बाकीच्या बायका ते गाठोडं डोक्यावर घेऊनच मातीवर यायच्या, त्यात मीही होते. मला तर भीतीचीच चव लागली होती. रात्री अंथरुणात पडून मी स्वतःला घाबरवायची आणि मजा घ्यायची.

पहिला भाग संपला तेव्हा आपण वर पोचलो होतो. कुलूप निघालं होतं, कोरडीला झोप लागली होती, आणि स्वार विहिरीच्या तोंडाशी पहाऱ्याला उभा होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम लांबून ओरडला, तमाशा लागलाय काय. तू म्हणालीस, आता दुसरा भाग. चार दिवस जाऊ देत, मनात जुळवते.

ते चार दिवस काय गेले गं. लग्नाच्या याद्या होताना घरात बोलत नसतील एवढं बोलणं त्या मातीवर झालं. आणि तू, भोळी की बेरकी मला आजपर्यंत कळलं नाही, मधूनमधून थोडं थोडं सांगत राहिलीस. राणी आता राणी नसणार, नगरीत गेल्यावर तिला पाणी भरावं लागणार. शांतानं दोन दिवस अबोला धरला, मग निरोप पाठवला की असलं असेल तर मी खेळणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन विचारून गेली की निदान हंडा तरी पितळेचा आहे ना. चिंचोके जाणार, त्याऐवजी मुठीत खडे धरायचे. यावर तर फूट पडली. निम्म्या म्हणाल्या चिंचोक्याशिवाय खेळच नव्हे, निम्म्या म्हणाल्या चिंचोके नाहीतरी लबाडच होते. कोरडीचं सोंगही आता घेता येणार होतं, पाहिजे तिला. ते कुणाला रुचलं नाही. पलीकडच्या टोळीतल्या बायकांनी तर खेळ कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी त्यांचाही निरोप आला की पहिला होता तोच बरा होता.

आणि मग तू सांगितलंस, दुसरा भाग सुरू होतो तेव्हा स्वार जागेवर नाही. त्याचा घोडा तेवढा उभा आहे.

मी भडकले. काय गं माझं ते रूप. मला वाटलं, तू माझ्यावर जळतेस. माझी मिशी, माझा फेटा, माझ्या टाळ्या तुला बघवत नाहीत. मी तुला असं काय काय बोलले, आणि तू शांतपणे म्हणालीस, "स्वार न्हाई म्हंजी संपला आसं कुटं म्हणले मी? जागेवर न्हाई म्हणले. त्येला हुडकायचाय." पण मला दुसरं सोंग नको होतं. मी रुसून आमच्या रांजणाजवळ जाऊन बसले, आणि कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून बराच वेळ तशीच बसून राहिले. कुणी आलं नाही.

कारण सगळ्या जणी बनाक्काकडं बघत होत्या. ती नुसती उठली, पदर खोचला आणि घमेलं घेऊन सुट्टी संपायच्या आधीच उन्हात कामाला लागली. मला मागाहून कळलं, तिच्या पोराचं पत्र येऊन फार दिवस झाले होते. पोस्टमन गावात आला की ती त्याच्याकडं बघायची नाही, बघितलं तर येणारं पत्र परत जाईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण खडकावर गेलो तर स्वाराच्या जागेवर लिंबू होतं. चिरलेलं, आत कुंकू भरलेलं, त्यावर काळी बाहुली टाचलेली. खडकाभोवती राखेचं कडं. तू पुढं झालीस, लिंबू उचललंस आणि म्हणालीस, लिंबाचं सरबत पिऊन किती दिवस झाले. कुणी हसलं नाही. मीच हसले, तेही सवयीनं, आणि माझं हसणं त्या माळावर एकटंच पळत गेलं.

आणि मग रांग तुटली.

लता, त्या कामावर माती हातोहात जायची. खड्ड्यापासून बांधापर्यंत बायका ओळीनं उभ्या, भरलेलं घमेलं एकीनं दुसरीच्या हातात द्यायचं, रिकामं उलट्या बाजूनं परत. त्यात एक लय असते. ती लागली की हात आपोआप चालतात, माणूस झोपेतसुद्धा देईल-घेईल. त्या सकाळी तुझ्या आईनं घमेलं पुढं केलं तर पुढची बाई हात मागं घेऊन उभी. खालनं उचलीन म्हणाली. हौसा, तू घमेलं जमिनीवर ठेवलंस. तिनं वाकून उचललं. पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही. वरच्या बायका रिकाम्या हातांनी वाट बघायला लागल्या, खालच्यांच्या हातात भरलेली घमेली अवघडली. तिथं वाद नव्हता, शिवी नव्हती. नुसतं ठेवायचं आणि वाकायचं. शिवाशिव असती तर तू ओळखली असतीस, ती तुला लहानपणापासून पाठ होती. पण या बायकांनी महिनाभर तुझ्या हातची माती घेतली होती. हे दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याचं नाव दुपारपर्यंत माझ्या कानावर आलं. नाव मी लिहीत नाही. आपल्या भागात ते नाव बाईला एकदा लागलं की काय होतं ते लिहायची गरज नाही.

संध्याकाळी मोजमापात काम कमी भरलं. मुकादमानं कारण विचारलं, बायका आपापली घमेली गोळा करायला लागल्या. त्याला कळलं सगळं, तो काही येडा नव्हता. तो तुला म्हणाला, तुझ्यामुळं टोळी बसतीय, उद्या अशीच बसली तर तुला घरी बसावं लागेल. घरी बसणं म्हणजे काय, ते मुकादमाला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि तुझ्या पाठीवर झोपलेल्या लताला तेवढं माहीत नव्हतं.

मी तुझ्या मागं मागं वस्तीच्या वाटेपर्यंत आले. आठवतं? मी म्हणाले, हौसा, एक शब्द तर आहे. म्हण की, स्वार आला. कुठं गेला होता, तर घोड्याला पाणी आणायला गेला होता. बनाक्का शांत होईल, बायका शांत होतील, तुझं काम राहील. माझं सोंगही राहील, हे मी मनात म्हणाले. तू थांबलीस. लताला पाठीवरून पुढं घेतलंस आणि म्हणालीस,

"आज माझ्या तोंडानं त्यो आला, तर उद्या कवा न्हाई आला तर माझ्याच तोंडानं गेला म्हणतील. मग मला कोण सोडवील, इंदे? तू?"

मला त्या वयात फक्त निरर्थक गोष्टी सुचायच्या. मी म्हणाले, मी सोडवीन की. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं आता मी माझ्या नातीकडं बघते जेव्हा ती म्हणते की मी मोठी झाल्यावर तुला विमानातून फिरवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी खडकापाशी सगळी टोळी जमली, पण बसलं कुणीच नाही. ऊन असं होतं की सावलीसुद्धा झाडाखाली मुरून गेली होती. बनाक्का पुढं आली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, आर्जव केल्यासारखी, आणि तेच भयंकर होतं. "हौसाबाई," म्हणाली, एरवी ती तुला हौसे म्हणायची, "हौसाबाई, येवडं म्हणा. माजा स्वार जागेवर हाय म्हणा. मी पाया पडते." आणि खरंच वाकली. मागच्या बायकांच्या हातात काय होतं ते मी बघितलं. काही नव्हतं, खडीचे हातोडे होते, रोजचेच. पण सुट्टीत हातोडे कुणी हातात ठेवत नाही.

तू तोंड उघडलंस. तू काय म्हणणार होतीस ते तेव्हा देव जाणे, म्हणजे तुझ्या हिशोबानं कुणीच जाणे ना. कारण तेवढ्यात मी ओच्यातून स्वाराचा खडा काढला, खडकावर आपटला, पदराचा फेटा बांधला आणि जाड आवाजात म्हणाले, मला कुणी काढला नाही. मी माझ्या मनानं निघालो. पहारा देऊन कंटाळा आला मला. हौसाचा काही संबंध नाही.

आज मी हे सांगते तेव्हा नातवंडं म्हणतात, आज्जी, तू हिरो होतीस. कसला हिरो. मिशीला ताव द्यायचा म्हणून बोट वर नेलं तर नाकाला लागलं. मला वाटलं होतं, बायका हसतील. हसल्या की सुटलं सगळं, एवढाच माझा हिशोब होता.

बनाक्कानं माझ्या तोंडात मारली. एकच. मग तिथंच खाली बसली आणि आवाज न करता रडायला लागली, आणि बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. हातोडे खाली पडले. मी पाटलांच्या भावकीतली सून, माझ्या अंगाला ते नाव चिकटणार नव्हतं. मला फार तर अवदसा म्हणता येत होतं, आणि ते घरी रोजच म्हणत होते. मुकादमानं तुला रांगेतून काढून पार त्या टोकाला खडी फोडायला एकटीला बसवलं. काम राहिलं. रांग पुन्हा चालू झाली. पावसाळ्यात काम संपेस्तोवर मला रांगेतनं तुझा हातोडा ऐकू यायचा, आमच्या लयीत कधीच न बसणारा.

मला वाटत होतं, तू माझे उपकार मानशील. त्याऐवजी बाजारच्या दिवशी म्हसवडात गाठून तू मला झाडलंस. "तुला कुणी सांगितलं हुतं बोलाय? मी म्हणनार हुते, मला म्हाईत न्हाई, चला मिळून हुडकू. तू नुसतं म्हणालीस, मी निघालो, आन् स्वार गेलाच. म्हंजी बोलल्यानं माणूस जातंय, हे तू पक्कं केलंस त्येंच्या डोक्यात. आळ माझ्यावरनं काढून आपल्यावर घेतलास, पर आळ तसाच ऱ्हायला."

मी म्हणाले, त्यांनी तुला हुडकू दिलं असतं? हातोडे बघितलेस का?

तू म्हणालीस, बघितलं.

हे आपलं भांडण. पन्नास वर्षं ते तिथंच उभं आहे. कधी मी जिंकते, कधी तू.

पुढच्या वर्षी बनाक्काचा पोरगा रजेवर आला. धडधाकट, खांद्यावर पेटी घेऊन. पत्रं कुठं अडकली होती तर वाटेत कुठंतरी अडकली होती, एवढंच. बनाक्कानं गावभर गूळ वाटला. मला हाताला धरून घरात नेलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, पोरी, तुला मारलं ते मनात धरू नगंस. मी म्हणाले, बघा आक्का, हौसाचा काही दोष नव्हता ना? ती समजावणीच्या सुरात म्हणाली, आगं, तवाच खेळ मोडला म्हणून तर आला.

मी ते तुला सांगितलं तेव्हा तू खूप वेळ हसलीस. आणि त्याच उन्हाळ्यात लताला आणि सासूला घेऊन सांगलीला निघून गेलीस. मी विचारलं, बनाक्कामुळं चाललीस काय? म्हणालीस, हळदीच्या वखारीत काम हाय. खरंच होतं. पण माणूस आपल्या मुलखातून जातं तेव्हा त्याला एक खरं कारण पुरत नाही.

मी सांगलीला यायची. मग फलटणला बिऱ्हाड झालं तरी वर्षातून एकदा यायचीच. तुझे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले. मी म्हणायची, नवरी दिसतेस. तू म्हणायचीस, मेले, तुला अजून आरशाचं वेड. आणि निघताना मी दर वेळी विचारायची, हौसा, सांग की गं दुसरा भाग. तू म्हणायचीस, खेळाय माणसं कुटं हायत? मला वाटायचं, तू मला शिक्षा करतेस. टोळीतली एकेक बाई जात गेली. राणी गेली, चोरटी गेली, बनाक्का तर कधीच गेली. दर वेळी मी तुला बातमी द्यायची आणि तू मान डोलवायचीस, मोजत असल्यासारखी.

गेल्या महिन्यात आले तेव्हा तू अंथरुणातच होतीस. लता चहा करायला आत गेली. मी म्हटलं, आता पुरे झालं नाटक, मरायला टेकलीस, आता तरी सांग. स्वार गेला कुठं होता?

तू माझ्याकडं बघितलंस, आणि मला पहिल्यांदा कळलं की तू लपवत नव्हतीस.

"मला काय ठावं, इंदे. तुमी खेळला असता तर कळलं असतं."

पुढं म्हणालीस, घोडा मात्र दिसतो अजून. त्या तोंडाशी उभा आहे. पाणी एवढं जवळ, पण कुणी पाजत नाही तोवर तो पीत नाही. मग तू डोळे मिटलेस. मी तुझा हात धरून बसले होते, आणि माझ्या घशाला अशी कोरड पडली की लतानं चहा आणला तो मला गिळवेना.

तुझे आभार मानायचे राहिले. ते मला जमत नाहीत, चेष्टा जमते. पण त्या वर्षी सगळ्या माळावर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तू आम्हाला वर बघायला लावलंस. राग आला, भीती वाटली, भांडलो, पण भाकरी सोडून कशावर तरी भांडलो. दुष्काळात हे फार होतं.

आता शेवटचं. तुझ्या जलदान विधीला मी आले होते. दारात सतरंजीवर बायकांत बसले. गावाकडून जीप करून काही माणसं आली होती, त्यांच्यातली एक पोरगी माझ्या शेजारी येऊन टेकली. बनाक्काची नातसून. शिकलेली, बोलायला गोड, हातात मोबाईल. तिनं लताच्या पाया पडून घेतलं, तुझ्या फोटोला नीट नमस्कार केला. मग माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, आज्जी, त्या करणीच्या खेळाच्या बाई त्या ह्याच का हो?

मी विचारलं, कुणी सांगितलं तुला?

म्हणाली, आमच्या घरात सांगतात. त्या बोलतील तसं व्हायचं म्हणे. त्यात एक स्वार होता, तो कुठं गेला ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही म्हणे.

जन्मभराची खोड मला त्या क्षणी सोडून गेली असती तर बरं झालं असतं. समजावून सांगायला हवं होतं, बाळा, तसं नव्हतं, ती तर हे काहीच मानत नव्हती. तुला तेच आवडलं असतं. पण मी पदर डोक्यावर नीट घेतला, तिच्या कानाशी गेले आणि जाड आवाज काढून म्हणाले, तो स्वार मी.

ती हसली नाही. मोबाईल पदरात घेतला आणि जरा पलीकडं सरकली. आमच्या दोघींमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा झाली. विधी संपेपर्यंत त्या जागेवर कुणी बसलं नाही. आणि तू बसलीस की काय, ते बघायला मी मान वळवली नाही, हौसा. तुला हे पटायचं नाही, ठाऊक आहे मला.